मोडलेला शाफ्ट आणि गॅरंडची बंदूक

आधीच सांगून टाकतो की हा लेख बंदुकांचं कौतुक करण्यासाठी नाही. 'तू मेकॅनिकलचा, तुला दुसरा विषय नाही सापडला का?' असं रूममेटने रात्री मेसमधून येताना विचारलंच होतं. शेवभाजी आणि भाकरीच्या भरात मी उत्तर दिलं नाही, ते इथे देतो. विषय खरं म्हणजे आपल्या फायनल इयरच्या प्रोजेक्टचा आहे. बंदूक मध्ये आली ती एनसीसीमुळे.

सेकंड इयरला कॅम्पात होतो. दुपारच्या उन्हात सतरंजी अंथरून उस्ताद एसएलआरचं 'खोलना-जोडना' शिकवत होते. एसएलआर म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. घोडा दाबला की एक गोळी सुटते, रिकामी पुंगळी आपोआप बाहेर पडते, नवीन काडतूस आत जातं. पुन्हा घोडा दाबायचा. ह्यालाच अर्धस्वयंचलित म्हणायचं. उस्तादांनी नळीवरचा छोटा सिलिंडर दाखवला, त्यातून पिस्टन काढला आणि म्हणाले, "देख लो, इंजीनियर लोग, ये तुम्हारा इंजन है." आम्ही हसलो. पण खोटं काय होतं त्यात? सिलिंडर, पिस्टन, स्प्रिंग, गॅस रेग्युलेटर. थर्मल, टीओएम आणि मशिन डिझाइन एका सतरंजीवर मांडलेलं. रेग्युलेटर फिरवून पिस्टनकडे किती गॅस जाऊ द्यायचा ते ठरतं. धूळ-घाण साचून यंत्र जड झालं तर थोडा जास्त. आपल्या खान्देशच्या धुळीत हे लगेच पटतं.

तेव्हापासून डोक्यात एक किडा होता, की हे पहिल्यांदा जमवलं कोणी आणि किती वेळा फसून जमवलं? वाचत गेलो तसं लक्षात आलं की ह्या विषयाचा खरा इतिहास यशस्वी बंदुकांचा नाहीच, तो फसलेल्या प्रोटोटाइपचा आहे.

अडचण काय होती ते आधी बघा. सैनिकी काडतूस पेटलं की नळीत सुमारे चार हजार बारपर्यंत दाब तयार होतो. आपण लॅबमध्ये ज्या डिझेल इंजिनाच्या सिलिंडर प्रेशरचा आलेख काढतो, तिथे दीडशे-दोनशे बार म्हणजे डोक्यावरून पाणी. आणि हा सगळा खेळ एक-दीड मिलिसेकंदाचा. तेवढ्या वेळात गोळी नळीबाहेर जायला हवी, तोवर मागचं दार म्हणजे बोल्ट घट्ट बंद राहायला हवा, आणि दाब उतरताक्षणी तोच बोल्ट स्वतःहून उघडायलाही हवा. लवकर उघडला तर पुंगळी फाटून गरम वायू चालवणाऱ्याच्या तोंडावर. उशिरा किंवा अशक्तपणे उघडला तर पुंगळी अर्ध्यात अडकणार. जुन्या बोल्ट-ॲक्शन बंदुकीत हे टायमिंग माणसाचा हात सांभाळत होता. आता ते यंत्राने सांभाळायचं होतं, तेही चिखलात, थंडीत, आणि चार-साडेचार किलोच्या आत.

हिराम मॅक्झिमने १८८३ च्या सुमाराला एक गमतीशीर जुगाड केला. लिव्हरवाली विंचेस्टर रायफल घेतली, दस्त्याला मागे स्प्रिंगची पट्टी बसवली आणि खांद्याला बसणाऱ्या धक्क्यावरच लिव्हर चालवून दाखवली. आपल्या भाषेत बोलायचं तर बाजारातल्या तयार मशिनवर अटॅचमेंट! पण ह्या मॉडेलवर तो थांबला नाही, तिथून मशिनगनकडे गेला. ऑस्ट्रियात मॅनलिखरने १८८५ साली आपोआप भरणाऱ्या रायफलचा नमुना केला, पण दारू होती काळी. धूर आणि काजळी इतकी, की थोड्या गोळ्यांनंतर यंत्रणा चिकटणार. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल ह्यांनी बिनधुराची दारू केली आणि १८८६ ला लेबेल रायफलमधून ती सैन्यात आली. म्हणजे मॅनलिखरचं डोकं बरोबर होतं, पण त्याच्या कल्पनेला लागणारं मटेरियल बाजारात यायचं होतं. आपल्याकडे अशा माणसाला व्हायव्हात 'फिजिबिलिटी स्टडी केला नव्हता का?' म्हणून झाडतील.

मेक्सिकोच्या मान्युएल मोंद्रागोनची गोष्ट तर चटका लावणारी. १८८७ साली पेटंट, त्यानंतर वीसेक वर्षं घासाघीस, आणि १९०८ साली त्याची गॅसवर चालणारी रायफल मेक्सिकोच्या लष्कराने स्वीकारली. देशात एवढ्या बारीक कामाची फॅक्टरी नव्हती म्हणून ऑर्डर स्वित्झर्लंडच्या सिग कंपनीला. मागवल्या ४०००, हातात पडल्या सुमारे ४००, कारण मध्येच मेक्सिकोत क्रांती झाली. उरलेल्या पहिल्या महायुद्धात जर्मनीने घेतल्या आणि खंदकातल्या चिखलात त्या तग धरेनात, म्हणून वैमानिकांना दिल्या. आकाशात चिखल नसतो! डिझाइन चांगलं की वाईट हे ते कुठे वापरणार त्यावर ठरतं, हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा ह्या एका ओळीत जास्त कळलं.

डेन्मार्कचा बँग, इटलीचा चेइ-रिगोत्ती, रशियाचा फेदोरोव्ह, इंग्लंडची फर्कर-हिल... नावं भरपूर आहेत. फ्रान्सने १९१७ चं मॉडेल तर ऐंशी हजारांच्या वर बनवून प्रत्यक्ष लढाईत उतरवलं, पण जुन्या लेबेल काडतुसाचा बेढब आकार त्याच्या गळ्यात होताच. एकेकावर वेगळा लेख होईल. मला थांबायचंय ते जॉन गॅरंडपाशी.

गॅरंड कॅनडातल्या क्वेबेकचा, जन्म १८८८. वडिलांच्या कुटुंबाबरोबर अमेरिकेत आला आणि लहानपणीच कापडगिरणीत कामाला लागला. तिथेच यंत्रं बघत बघत मशिनिस्ट झाला. धुळ्याच्या न्यू प्रताप मिलमध्ये किंवा अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये ज्यांच्या घरचं कोणी होतं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. गिरणीच्या खात्यात तयार झालेला फिटर बेल्टच्या आवाजावरून बिघाड ओळखायचा असं जुनी माणसं सांगतात. गॅरंड डिग्रीवाला नव्हता. १९१९ साली स्प्रिंगफील्ड आर्मरी ह्या सरकारी कारखान्यात लागला आणि १९५३ ला तिथूनच निवृत्त झाला.

त्याची पहिली कल्पना भन्नाट होती. काडतुसाच्या बुडाशी असते ती टोपी, म्हणजे प्रायमर, स्फोटाच्या वेळी किंचित मागे सरकते. त्या चिमूटभर सरकण्यावरच त्याने बोल्टचं कुलूप उघडायची यंत्रणा बसवली. नळीला भोक नाही, पिस्टन नाही, काही नाही. आणि ती चालली! मग लष्कराने काडतूस बदललं. दारूचा प्रकार बदलला आणि प्रायमर कडेने दाबून पक्का करायला सुरुवात केली. प्रायमर सरकणंच बंद. काही वर्षांची मेहनत एका काडतुसाच्या ड्रॉइंगपायी गेली. १९२० च्या दशकाच्या मध्याला तो पुन्हा पाटी कोरी करून गॅसवर आला.

त्याचा स्पर्धक होता जॉन पेडरसन, नावाजलेला डिझायनर. त्याने स्वतःचं .२७६ इंचाचं छोटं काडतूस आणलं आणि गुडघ्यासारखी दुमडणारी यंत्रणा. सफाई उत्तम, पण काडतुसांवर मेणाचा थर द्यावा लागायचा, नाहीतर पुंगळी निघायला त्रास. गॅरंडनेही .२७६ ची बंदूक केली, दहा काडतुसांच्या क्लिपची, आणि चाचण्यांत तिने बाजी मारली. झालं? नाही. १९३२ साली लष्करप्रमुख जनरल मॅकआर्थर ह्यांनी सांगितलं की जुनंच .३० चं काडतूस राहील. त्याचा गोदामात भरलेला साठा आणि मंदीचा काळ, नवीन काडतुसाचा खर्च कोण करणार? गॅरंडने तक्रार करत न बसता मोठ्या काडतुसासाठी बंदूक पुन्हा जुळवली. दहाची क्लिप आठची झाली. ९ जानेवारी १९३६ ला ती एम-१ म्हणून मंजूर झाली. १९१९ ते १९३६, म्हणजे सतरा वर्षं. आपल्याला एका सेमिस्टरमध्ये 'रिझल्ट अँड डिस्कशन' लिहायचं असतं.

आता खरी गंमत. उत्पादन सुरू झाल्यावर तक्रार आली की आठ काडतुसांच्या क्लिपमधलं सातवं काडतूस नीट चढत नाही, अडकतं. नेमकं सातवंच. मॉडेल शॉपमध्ये हाताने बनवलेल्या बंदुकांत हा दोष नव्हता, कारखान्यातून येणाऱ्यांत होता. शोधता शोधता सापडलं की उत्पादनासाठी केलेल्या मशिनिंगमध्ये रिसिव्हरच्या आतली, क्लिपला आधार देणारी एक छोटी कड जास्त कापली जात होती. डिझाइनमध्ये चूक नव्हती, दुरुस्त्या डिझाइनमध्ये शोधत बसले असते तर जन्मभर सापडली नसती. शिवाय नळीच्या टोकाला गॅस अडवायची त्याची मूळ पद्धतही त्याच सुमाराला बदलली आणि नळीला छोटं भोक पाडून गॅस घ्यायची साधी पद्धत आली. म्हणजे मंजुरीनंतरही प्रोटोटाइप संपला नव्हता! पुढे ह्या बंदुका पन्नास लाखांच्या वर बनल्या. गॅरंडला रॉयल्टी नाही मिळाली. त्याला एक लाख डॉलर द्यावेत असं विधेयक आलं होतं, ते मंजूर झालं नाही. पगारावर काम केलं आणि पगारावरच निवृत्त झाला.

आपल्याकडे काय झालं? १९६२ च्या युद्धात आपल्या जवानांच्या हातात मुख्यतः .३०३ बोल्ट-ॲक्शन रायफली होत्या, प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट ओढायचा. समोर चिनी सैन्याकडे अर्धस्वयंचलित हत्यारं होती. त्याआधीपासून पुण्यात एआरडीई, म्हणजे आता पाषाणला असलेली शस्त्रास्त्र संशोधनाची सरकारी संस्था, १९५८ पासून काम करत होती. बेल्जियमच्या फॅल रायफलवर सगळ्यांचा डोळा होता. ह्या फॅलची कुंडलीही गॅरंडसारखीच. पहिला नमुना जर्मन छोट्या काडतुसासाठी, मग ब्रिटिश .२८० साठी, आणि शेवटी मोठ्या राष्ट्रांच्या आग्रहाखातर ७.६२ नाटोसाठी फुगवलेला. कंपनीशी परवान्याची बोलणी जुळली नाहीत, तेव्हा आपल्या लोकांनी परदेशी नमुने उघडून, मोजून, थोडं बेल्जियमचं थोडं ब्रिटनचं घेऊन देशी एसएलआर उभी केली. इच्छापूरच्या कारखान्यात ती बनू लागली. कंपनीने हरकत घेतली, शेवटी तडजोड झाली.

ह्याला कॉपी म्हणायचं का? हॉस्टेलवर ह्यावरून रात्री दीडपर्यंत वाद झाला. माझं मत असं की म्हणायचं, लाजायचं नाही, पण तिथे थांबायचंही नाही. एखादं यंत्र उघडून त्याची दुसरी चालणारी प्रत करणं हे काही झेरॉक्स काढणं नाही. टॉलरन्स ड्रॉइंगवर लिहिलेला मिळत नाही, तो शोधावा लागतो. कुठल्या पोलादाला कुठली हीट ट्रीटमेंट, हे सुटा भाग बघून ओळखावं लागतं. ज्याने हे केलं तो पुढचं डिझाइन करू शकतो. पुढे ते झालंही. १९८० च्या दशकात एआरडीईने इन्सास रायफलीचं काम हातात घेतलं. त्यात पिस्टनची कल्पना कलाश्निकोव्हकडून, रेग्युलेटर फॅलकडून, पण गाठोडं आपलं.

आणि इथे आपला जळगाव जिल्हा येतो. भुसावळजवळच्या वरणगावला १९६४ पासून काडतुसांचा कारखाना आहे. सध्या तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड ह्या कंपनीखाली येतो. आपल्या हॉस्टेलवर तिकडची मुलं आहेत, पण 'वडील फॅक्टरीत आहेत' ह्यापलीकडे कोणी बोलत नाही. इन्सास तयार होऊनही सैन्यात यायला वेळ लागला, त्याचं एक कारण म्हणजे ५.५६ ची देशी काडतुसं पुरेशी तयार नव्हती. ती इस्रायलकडून विकत घ्यावी लागली. बंदूक तयार आणि गोळी नाही! नंतर वरणगावची ५.५६ ची काडतुसं आली. गॅरंडला दोनदा आडवं आलं ते काडतूसच, फॅलला आलं ते काडतूसच, आणि आपल्यालाही तेच. फोटो मात्र छापून येतो रायफलीचा.

इन्सासचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. १९९९ ला कारगिलच्या थंडीत प्लॅस्टिकची मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी आल्या आणि सगळा देश तिला नावं ठेवू लागला. सुधारणा होत राहिल्या, पण नाव गेलं ते गेलं. २०१९ साली अमेरिकेकडून ७२,४०० सिग रायफली घेण्याचा करार झाला, आणि उत्तर प्रदेशात कोरव्याला रशियाबरोबर एके-२०३ बनवायचं ठरलं. मला इथे राग येतो तो परदेशी बंदुकीचा नाही. सीमेवर उभ्या माणसाला चांगलं हत्यार मिळालंच पाहिजे, ते कुठूनही येवो. २००८ ला मुंबईत सीएसटीवर .३०३ घेऊन एके-४७ समोर उभं राहावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. राग येतो तो 'एकदा फसलं म्हणजे आपल्याला जमत नाही' ह्या घाईचा. जानेवारी २०२४ मध्ये एआरडीईनेच एका खासगी कंपनीबरोबर 'उग्रम' नावाची ७.६२ ची नवीन रायफल पुण्यात दाखवली. ती फसेल किंवा टिकेल, ते चाचण्यांत ठरेल. पण पाषाणमधली जुनी मोडकी मॉडेलं आणि त्यांच्या नोंदी नसत्या तर तीही झाली नसती, असं माझं तरी मत आहे.

आता माझ्या शाफ्टकडे येतो, म्हणजे मुद्द्याकडे.

आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट होता पऱ्हाट्यांची कुट्टी करणारं मशिन. आपल्या भागात कापूस निघाला की पऱ्हाट्या बांधावर जाळतात, त्याऐवजी बारीक करून खत किंवा जळण करावं असा विचार. पाच एचपीची मोटर, गाडीच्या जुन्या पाट्यांपासून केलेली पाती. ट्रायलला माझ्या काकांच्या शेतात गेलो. काका बांधावर उभे राहून म्हणाले, "काय करी ऱ्हायनात रे भो?" मशिन सुरू झालं, दहा मिनिटं मस्त चाललं. मग पऱ्हाटीची साल दोरीसारखी शाफ्टला गुंडाळली गेली, मशिन जाम झालं आणि शाफ्ट जिथे व्यास बदलतो तिथे कट्कन मोडला. कोणाला लागलं नाही, नशीब. परत येऊन बघितलं तर त्या पायरीला गोलाई म्हणजे फिलेट दिलेलाच नव्हता. लेथवाल्याने काटकोनात कापला. त्याचा काय दोष? आमच्या ड्रॉइंगवर रेडियस लिहिलेला नव्हता. स्ट्रेस कॉन्संट्रेशनचं डेरिव्हेशन आम्हा चौघांनाही पाठ होतं हं!

मी खुश होतो. खरंच सांगतो, चार वर्षांत पहिल्यांदा काहीतरी कळल्यासारखं वाटलं. पण सल्ला मिळाला तो असा की, व्हायव्हाला महिना राहिलाय, मोडलेलं दाखवू नका, कुठूनतरी चालू मशिन आणून उभं करा. कोणी दिला ते महत्त्वाचं नाही, देणाऱ्याचा हेतूही वाईट नव्हता, मार्क जाऊ नयेत एवढाच होता. आणि अशी सोय आहे हे तुम्हालाही माहीत आहे. मोठ्या शहरांत दुकानं आहेत, पैसे द्या, रंगवलेलं मॉडेल, रिपोर्टच्या पाच बायंडिंग केलेल्या कॉप्या आणि पीपीटी मिळते. बटण दाबलं की फिरतं. त्यातलं कुठलंच कधी मोडत नाही, कारण त्याच्याकडून कोणी काम करून घेत नाही. आम्ही आमचंच मोडलेलं नेलं. मार्क किती पडले ते विचारू नका.

कोणी म्हणेल, बंदूक आणि पऱ्हाटीचं मशिन ह्यांची काय तुलना? तिकडे सरकारचा पैसा, सतरा वर्षं, पगार चालू. इकडे चार पोरं आणि घरून आणलेले आठ हजार रुपये. बरोबर आहे. म्हणून तर म्हणतो की आपल्याला फसण्याची किंमत कमी ठेवायला हवी, आणि ती कॉलेजच ठेवू शकतं. स्टाफपैकी जे हे वाचतायत त्यांना माझी विनंती अगदी साधी आहे. वर्कशॉपमध्ये एक रॅक मोडलेल्या पार्टसाठी द्या. प्रत्येकाला एक चिठ्ठी बांधा, काय होतं, किती लोड होता, कुठे मोडलं, का वाटतं. दुसरं म्हणजे प्रोजेक्टच्या इंटरनल मार्कांत थोडे मार्क 'पहिल्या ट्रायलमध्ये काय बिघडलं' ह्याला ठेवा. ज्याचं काहीच बिघडलं नाही त्याला मग सर, तुम्हीच दोन प्रश्न जास्त विचारा. आणि तिसरं, दरवर्षी नवीन विषयाचा हट्ट कशाला? मागच्या बॅचचं अर्धवट मशिन पुढच्या बॅचने घ्यावं. आत्ता दरवर्षी जूनमध्ये ती सगळी भंगारात जातात, किलोच्या भावाने. इन्सासमध्ये फॅलचा रेग्युलेटर आहे, आपल्या ज्युनियरच्या मशिनमध्ये आपला हॉपर असायला काय हरकत आहे?

रूममेटचा प्रश्न अजून राहिलाच. बंदुकीच्या जागी दुसरं उदाहरण नव्हतं का? होतं. पण शिलाई मशिन किंवा पंपाचे फसलेले नमुने कोणी जपून ठेवले नाहीत, बंदुकींचे ठेवले. जगात मारायच्या यंत्राच्या चुका फाइलला लावून ठेवतात आणि पऱ्हाट्या कापायच्या यंत्राच्या चुका भंगारवाल्याला देतात, ह्याचं मला वाईटच वाटतं. गॅरंडच्या जागी एखादा मळणी यंत्रवाला असता तर मला जास्त आवडलं असतं.

मोडलेल्या शाफ्टचे दोन्ही तुकडे माझ्या खोलीच्या खिडकीत आहेत, ज्याला फ्रॅक्चरचा पृष्ठभाग बघायचा त्याने येऊन बघावा, चहा आपापला आणावा. दुसरा शाफ्ट अवधान एमआयडीसीत टाकलाय, ह्यावेळी ड्रॉइंगवर तीन मिमी रेडियस लाल पेनाने लिहिलाय. सालीसाठी शाफ्टभोवती एक गार्डही बसवतोय, तो चालेल की नाही ह्यावर ग्रुपमध्ये दोन मतं आहेत. फेब्रुवारीत पऱ्हाट्या वाळल्या की ट्रायल. थर्ड इयरच्या ज्या दोघांना मशिन पुढे चालवायचं आहे, त्यांनी वही आणि व्हर्नियर घेऊन यावं. मोबाइलवर व्हिडिओ काढायला माणूस आहे.